रिकामा रकाना म्हणजे रोग नाही, असे समजायचे का? (खानदेशातील रोगांचे आकडे आणि दवाखान्याचे अंतर)

छेदगणित (धागाकर्ता)

नमस्कार. मी शहाद्याच्या बाजूला एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. यंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाह्यरुग्ण नोंदवह्या पाहायला दिल्या होत्या. अर्थात रीतसर परवानगी काढून आणि रुग्णांची नावे झाकून. एक केंद्र ऊस-पपईच्या सपाट पट्ट्यातले, एस.टी. दारात थांबते असे. दुसरे सातपुड्याच्या घडीतले, जिथे पाड्यावरून यायचे तर वाटेत दोन नाले ओलांडावे लागतात. पहिल्या वहीत जून ते सप्टेंबर या काळात सर्पदंशाच्या नोंदी जवळजवळ दर आठवड्याला सापडतात. दुसऱ्या वहीत त्याच महिन्यांत तो रकाना कोरा आहे, आणि एके ठिकाणी तर पट्टीने आडवी रेघ ओढून खाली 'निरंक' असे लिहिलेले आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यावरून स्वच्छ अक्षरात निष्कर्ष काढला की डोंगराळ भागात सर्पदंशाचे प्रमाण कमी आहे.

त्याला किती गुण द्यावेत, हे मला दोन दिवस ठरवता आले नाही. आकडेमोड बिनचूक होती आणि तक्ताही नीटनेटका होता. चूक फक्त एवढीच होती की दवाखान्यात किती माणसे आली हे त्याने मोजले आणि शेतात किती जणांना साप चावला हे मोजल्यासारखे लिहिले.

सर्पदंशाचेच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यावर भक्कम संशोधन झालेले आहे. महानिबंधक कार्यालयाने जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणीसाठी निवडलेल्या घरांमध्ये, जिथे मृत्यू झाला आहे तिथे जाऊन, घरच्यांकडून शेवटच्या आजाराची हकिगत लिहून घ्यायची आणि ती दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवायचे, अशी एक पद्धत आहे. तिच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००५ या एकाच वर्षात देशात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० मृत्यू झाले, आणि त्यांपैकी दवाखान्यात झालेले मृत्यू होते फक्त २३ टक्के. पुढे २०२० मध्ये याच पद्धतीने २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अंदाज आला तो सुमारे १२ लाखांचा, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. दवाखान्याच्या वह्यांवर विसंबून राहिलो असतो तर दर चार मृत्यूंपैकी तीन आपल्याला दिसलेच नसते. आणि न दिसलेले तीन सपाटीपेक्षा डोंगरातले अधिक असणार, हे सांगायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

वेल्समधील खाणकामगारांच्या एका गावात अनेक वर्षे डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये असे मांडले होते की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता आणि तिची गरज यांचे नाते बहुधा व्यस्त असते. मला वाटते, आपल्याकडे त्याच्या पुढची एक पायरी आहे. जिथे सेवा पोचत नाही तिथे मोजणीही पोचत नाही. त्यामुळे गरज कागदावर उमटत नाही, आणि पुढच्या वर्षीची लस, डॉक्टर आणि गाडी त्याच कागदावरून वाटली जाते.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मंडळींना माझी विनंती आहे: आपल्या भागात कोणता रोग 'कमी' दिसतो आणि तो खरोखर कमी आहे का, हे अनुभवाने लिहावे.

नमुना_पाहणी

विषय महत्त्वाचा आहे, परंतु एक सावधगिरी सुरुवातीलाच नोंदवतो. दवाखान्याच्या वहीत दोष आहे म्हणून आरोग्याचे सगळेच आकडे मोडीत काढण्याची सवय समाजमाध्यमांवर फार वाढली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी दवाखान्यात बसून होत नाही. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातील ६,३६,६९९ घरे निवडून त्या घरी जाऊन माहिती घेतली गेली. त्या घरातील बाई दवाखान्यात गेली होती की नाही, याच्याशी तिच्या निवडीचा काही संबंध नव्हता. जिल्हानिहाय निकालही चौथ्या फेरीपासून मिळू लागले आहेत.

आता तिचेच आकडे पाहा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते पुढच्या फेरीत ५४.२ टक्के झाले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. याच काळात दवाखान्यातील प्रसूती ९०.३ वरून ९४.७ टक्के झाल्या. म्हणजे सेवा वाढली आणि तरी रक्तक्षयही वाढला. आपल्या 'मोजणी पोचत नाही' या सूत्रात हे कसे बसते? मला तर हा खरा, शरीरातला बदल दिसतो.

वरणगावकर

मी भुसावळ परिसरात गेली बावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. नमुना_पाहणी यांचा आक्षेप योग्य आहे. पण रक्तक्षयाचे उदाहरण त्यांनी नेमके निसरडे निवडले.

या पाहणीत बोटाला टोचून आलेला रक्ताचा थेंब छोट्या यंत्रात घालून हिमोग्लोबिन मोजतात. थेंब लवकर यावा म्हणून बोट दाबले की रक्ताबरोबर पेशींबाहेरचे पाणीही येते आणि आकडा खाली सरकतो. २०१६ ते १८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले, आणि तिथे एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षय ४१ टक्के निघाला. जवळपास त्याच सुमाराच्या कुटुंब पाहणीत देशातील लहान मुलांसाठी हाच आकडा ५८.६ होता. वयोगट थोडा वेगळा आहे हे मान्य, पण एवढी तफावत वयाने भरून निघत नाही. पुढच्या फेरीतून रक्तक्षयाची ही चाचणी वगळण्याचा निर्णय झाला, तोही याच वादामुळे. अर्थात दोन्ही फेऱ्यांत पद्धत सारखीच असल्यामुळे वाढीचा कल निव्वळ भास आहे, असेही मी म्हणणार नाही. पातळीवर माझा विश्वास कमी आहे आणि दिशेवर त्याहून थोडा अधिक.

माझ्या रोजच्या अनुभवाबद्दल सांगायचे तर, आमच्या भागात मधुमेह आणि रक्तदाब 'वाढला' असे जो तो म्हणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यासाचे २०२३ चे निकाल सांगतात की प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आहे. ही वाढ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु वरणगाव-भुसावळमध्ये प्रत्येक मेडिकल दुकानाशेजारी साखर तपासून मिळते आणि रावेरच्या आदिवासी पाड्यावर रक्तदाबाचे यंत्र महिन्यातून एकदा, शिबिराच्या दिवशी, पाहायला मिळते. मग पाड्यावर लकव्याने पडलेल्या माणसाच्या आजाराला घरचे 'वारे गेले' म्हणतात, आणि त्याला रक्तदाब होता का हे विचारणारेही कुणी नसते.

मोलगीची_भगर

मी मूळचा अक्कलकुवा तालुक्यातला, सध्या नंदुरबारला शिक्षक आहे. धागाकर्त्यांनी विचारले आहे की कोणता रोग कमी दिसतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे न दिसलेला रोग सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा तांबड्या रक्तपेशींचा आजार.

माझ्या भाच्याचे सांगतो. तो सहा वर्षांचा असल्यापासून थंडी सुरू झाली की त्याचे हातपाय सुजायचे आणि तो रात्रभर रडायचा. घरात त्याला 'हाडात वारे शिरले' म्हणत. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवले. दुसऱ्या ठिकाणी संधिवात सांगितला. शाळेत लोहाच्या गोळ्या दिल्या, कारण डोळे पांढरे दिसत होते. पाच वर्षांत त्याच्या नावासमोर तीन वेगवेगळ्या वह्यांत तीन वेगवेगळे आजार लिहिले गेले असतील, आणि तिन्ही वह्यांत सिकलसेलच्या रकान्यात शून्य असेल. मग आश्रमशाळेत शिबिर आले. बोटाचे रक्त एका द्रावणात टाकले, द्रावण गढूळ झाले, म्हणून पुढची तपासणी करायला नमुना जिल्ह्याला गेला आणि मग कळले की त्याला दोन्हीकडून, आईकडून आणि बापाकडून, तो दोष आलेला आहे. बहीण आणि मेहुणा दोघेही वाहक आहेत आणि दोघेही धडधाकट आहेत. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात चारात एक या प्रमाणात रुग्ण मूल होण्याची शक्यता असते, हे त्यांना तिसऱ्या मुलानंतर समजले.

त्या शिबिरानंतर आमच्या केंद्राच्या हद्दीत सिकलसेलचे रुग्ण 'अचानक वाढले'. एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी चिंतेने विचारले की यंदाच एवढी वाढ कशी. कुणी उत्तर दिले नाही. पण उत्तर सोपे होते: रुग्ण तेवढेच होते, दिवा यंदा लावला.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या रोगाचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून शेवट करायचा, असे उद्दिष्ट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्क्यांहून अधिक आहे, तेव्हा आमच्यासाठी हे अभियान दूरचे नाही. मात्र तपासणीचे कार्ड मिळणे आणि उपचार मिळणे यांत फरक आहे. भाच्याला हायड्रॉक्सियुरिया चालू आहे. ती गोळी रोज घ्यायची असते आणि ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. गोळी केंद्रात मिळते, रक्ततपासणीसाठी मात्र जिल्ह्याला यावे लागते. येण्याजाण्यात बहिणीचा दिवस जातो, रोज बुडतो, जीपचे भाडे वेगळेच. मी नंदुरबारला आहे म्हणून जमते. ज्यांचा मामा नंदुरबारला नाही त्यांचे काय, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारतो.

वरणगावकर डॉक्टर, एक विचारायचे आहे. रक्तक्षयाच्या टक्केवारीत आमची सिकलसेलची मुलेही मोजली जात असतील ना?

वरणगावकर

मोजली जातात. हिमोग्लोबिन कमी आहे एवढेच ते यंत्र सांगते. लोह कमी म्हणून की जंत म्हणून की रक्तपेशीच जन्मतः वेगळ्या म्हणून, हे ते सांगत नाही. म्हणूनच सातपुड्यातील रक्तक्षयाला फक्त लोहाच्या गोळ्यांनी उत्तर देणे अपुरे ठरते. ज्याला वरचेवर रक्त चढवावे लागते त्याच्या शरीरात तर आधीच लोह साठत असते. आपल्या भाच्याला गोळ्या देण्यापूर्वी कुणी तरी थांबून पाहायला हवे होते.

सुईवालीबाई

मी धडगाव तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. पाड्यांवर माझे नाव कुणाला माहीत नव्हते, 'सुईवाली बाई आली' असेच म्हणायचे, म्हणून तेच नाव इथे घेतले आहे. सरांच्या विद्यार्थ्याने पाहिलेल्या वहीसारख्या कितीतरी वह्या मी भरल्या आहेत, त्यामुळे 'निरंक' या शब्दावर थोडे लिहिते.

महिन्याच्या अखेरीस अहवाल जायचा असतो. रकाना कोरा सोडला तर वरून फोन येतो की माहिती अपूर्ण आहे. म्हणून कोरा रकाना भरायचा, आणि भरायचा तर 'निरंक' लिहून. 'मला माहीत नाही' असे लिहायला त्या छापील कागदावर जागाच नव्हती. 'घडले नाही' आणि 'कळले नाही' या दोन वेगळ्या गोष्टी तिथे एका शब्दात जमा व्हायच्या.

सर्पदंशाचे म्हणाल तर लोक आधी बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाकडे जातात, हे खरे आहे, आणि त्यावरून शहरातली माणसे त्यांना अडाणी ठरवतात. परंतु बडवा त्याच पाड्यावर राहतो, रात्री उठतो आणि उधारीवर येतो. आमचे केंद्र पावसाळ्यात झोळीने तीन तासांवर होते. दोन बांबू, मध्ये गोधडी, चार माणसे खांद्याला आणि चार बदलीला. अशा आठ माणसांनी पहाटे केंद्रावर यायचे आणि तिथे प्रतिविषाची लस संपलेली असायची किंवा डॉक्टर प्रशिक्षणाला गेलेले असायचे, मग पुढे ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, तिथूनही कधी धुळे तर कधी सुरत. एकदा असे झाले की पुढच्या वेळी तो पाडा झोळी उचलतच नाही. २०१४ पासून १०८ ची गाडी आली त्याने खूप फरक पडला, हे मान्य केलेच पाहिजे. पण गाडी रस्त्यापर्यंत येते. पाड्यापासून रस्त्यापर्यंतचा तुकडा अजून खांद्यावरच आहे.

मृत्यूच्या नोंदीचेही तसेच आहे. एकवीस दिवसांत नोंद करावी असा कायदा १९६९ चा आहे. म्हातारा गेला आणि जमीन मुलांच्या नावावर करायची असली की दाखला लागतो, म्हणून नोंद होते. आठ दिवसांच्या बाळाच्या नावावर काहीच नसते. त्याचा दाखला कुणाला कशाला लागेल? आशाताई आल्यापासून, म्हणजे २००५ नंतरच्या काळात, अशा नोंदी वाढल्या. आणि त्या वाढल्या तेव्हा आमच्या उपकेंद्रात बालमृत्यू वाढले म्हणून पहिला खुलासा माझ्याकडेच मागितला गेला. ज्या उपकेंद्राच्या बाईने लपवले तिचे उपकेंद्र आदर्श ठरले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आम्ही आपसांत म्हणत असू.

शेवटची गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली की आमचे अर्धे पाडे गुजरातेत ऊसतोडीला जातात, ते होळीला परततात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गरोदर बाई बारडोलीच्या फडात असते. तिचे रक्त तिथेही कुणी तपासत नाही आणि इथेही नाही. बाळ तिकडे जन्मले तर तिकडची नोंद होते की नाही ठाऊक नाही, आणि इथे ते आमच्या उद्दिष्टातून 'कमी पडलेले' मूल ठरते. सरांचे विद्यार्थी ज्या भागाकाराने प्रमाण काढतात, त्यातला खालचा आकडाच चार महिने गावात नसतो.

छेदगणित

ताई, आपण लिहिलेला एक-एक परिच्छेद माझ्या तासाला वाचून दाखवण्यासारखा आहे. आपली परवानगी असल्यास तसे करीन.

छेदाबद्दल, म्हणजे भागाकारातल्या त्या खालच्या आकड्याबद्दल, एक भर घालतो. आपल्याकडे डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र, तर सपाटीला अनुक्रमे तीस हजार आणि पाच हजार असा निकष आहे. ऐकायला हा निकष डोंगराला झुकते माप देणारा वाटतो. परंतु तो डोकी मोजतो, वाट मोजत नाही. सपाटीवर तीस हजार माणसे दहा-बारा किलोमीटरच्या घेऱ्यात राहतात. सातपुड्यात वीस हजार माणसे जमवायला कितीतरी मोठा, चढ-उतारांचा मुलूख लागतो, आणि नर्मदेवरील धरणाच्या फुगवट्याकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना तर बोटीनेच जावे लागते. त्यातही ही डोकी २०११ च्या जनगणनेची आहेत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

नमुना_पाहणी यांच्या मुद्द्यालाही उत्तर देणे लागतो. घरोघरी जाणारी पाहणी दवाखान्याच्या वहीपेक्षा कितीतरी श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. पण महाराष्ट्रातील पाचव्या फेरीचे काम २०१९ च्या उत्तरार्धात झाले. ताईंच्या हिशेबाने पाहिले तर पाहणीच्या शेवटच्या आठवड्यांत बरीच घरे कुलपात असणार. आणि जिल्ह्याचा एकच आकडा मिळतो तेव्हा त्यात शहादा-तळोद्याची सपाटी आणि धडगाव-अक्कलकुव्याचा डोंगर एकत्र कालवले जातात. सरासरी खरी असते, पण त्या सरासरीत राहणारे गाव कुठेच सापडत नाही.

कळण्याची_भाकर

मी पारोळा तालुक्यातला कापूस उत्पादक. सगळी चर्चा सातपुड्यावर चालली आहे, म्हणून सपाटीवरचे थोडे लिहितो. आमच्याकडे रस्ता आहे, दवाखाना आहे, औषधही आहे, आणि तरीही माणूस आजारी आहे हे कळत नाही.

माझ्या आईला दोन वर्षे थकवा होता. कुणी विचारले तर तिचे अहिराणीत ठरलेले उत्तर, "बरं से ना, काय व्हयनं माले?" (बरं आहे ना, काय झालंय मला?) याच काळात एका पाहणीवाल्या मुलीने आमच्या ओट्यावर बसून तिला विचारले होते की गेल्या पंधरा दिवसांत काही आजार झाला का. आईने 'नाही' सांगितले आणि त्या मुलीने 'नाही' लिहिले. दोघींनीही आपापले काम प्रामाणिकपणे केले. पुढे पाय सुन्न झाला आणि जखम भरेना, तेव्हा साखर तपासली. ती तीनशेच्या वर निघाली. आमच्या घरात आजार म्हणजे अंथरुणाला खिळणे. वेचणीला जाता येते तोवर बाई बरीच असते.

तिच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. पण एका वेळी पंधरा दिवसांच्याच देतात आणि त्यासाठी सकाळची पूर्ण ओपीडी जाते. वेचणीच्या दिवसांत तो अर्धा रोज जातो, म्हणून ती गोळ्या पुरवून पुरवून खाते, एक दिवसाआड. वहीत ती 'नियमित रुग्ण' आहे.

छेदगणित

आपण नकळत एका मोठ्या कोड्याला हात घातला आहे. आजारपणाविषयी लोकांना विचारून केलेल्या पाहण्यांत केरळमध्ये आजारी माणसे बिहारपेक्षा कितीतरी अधिक निघतात, आणि आयुर्मान मात्र केरळचेच अधिक आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले होते. ज्याने शिक्षण घेतले, ज्याच्या जवळ दवाखाना आहे, त्याला आपले दुखणे दुखणे म्हणून ओळखता येते आणि बोलून दाखवता येते. आपल्या आईंचे 'बरं से' हे त्या तक्त्यात निरोगीपणा म्हणून मोजले गेले.

नमुना_पाहणी

माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. पाहणीत विचारलेले आणि पाहणीत मोजलेले यांत मी फरक करायला हवा होता. पाचव्या कुटुंब पाहणीत रक्तदाब आणि रक्तातील साखर प्रत्यक्ष मोजली गेली, त्यामुळे तिथे 'बरं से' चालत नाही. पण इतर अनेक रकान्यांत चालते.

याच सूत्राने मला आणखी एक आकडा खटकू लागला आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. सरकारी खर्च वाढला आणि विमा योजना आल्या, हे त्यामागचे खरे कारण आहेच. राज्यात जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले धुळे होते. परंतु जो दवाखान्यात गेलाच नाही त्याचा खर्चही शून्यच असतो. सुईवालीबाईंच्या पाड्याने झोळी उचलली नाही, तर त्या पाड्याचा खिशातला खर्च घटतो आणि तक्त्यात ती सुधारणा म्हणून दिसू शकते. किती प्रमाणात, हे सांगणे कठीण आहे. पण यापुढे हा आकडा मी एकटा वाचणार नाही, त्याच्या शेजारी उपचार न घेतलेल्यांचा आकडा ठेवूनच वाचीन.

वरणगावकर

दोन गोष्टी जोडतो. पहिली उन्हाची, कारण मी भुसावळचा आहे आणि मे महिन्यात आमचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे ही बातमी राहिलेली नाही. माझ्या ओळखीच्या भागात दरवर्षी उन्हाळ्यात केळीच्या बागेत काम करणारा एखादा मजूर दुपारी कोसळतो. दाखल्यावर कारण लिहिले जाते 'हृदयक्रिया बंद पडणे'. ते खोटे नसते, कारण मरताना प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद पडते. उष्माघात असे लिहायचे तर शरीराचे तापमान मोजलेले असावे लागते, आणि मजूर दवाखान्यात येईपर्यंत ते कुणी मोजलेले नसते. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखल्यांच्या नादी न लागता त्या महिन्यातील एकूण मृत्यू आजूबाजूच्या वर्षांतील मे महिन्यांशी ताडून पाहिले आणि १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यातून २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा तयार झाला. जळगाव जिल्ह्यातील नगरपालिकांच्या मृत्युनोंदी कुणी मे महिन्यापुरत्या अशा ताडून पाहिल्या तर छेदगणित सरांच्या विद्यार्थ्यांना चांगला प्रकल्प मिळेल, आणि त्यासाठी डोंगरही चढावा लागणार नाही. देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले अवघे साडेबावीस टक्के होते, एवढे लक्षात ठेवले की 'उष्माघाताचे मृत्यू निरंक' या ओळीची किंमत कळते.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांत प्रयोग, तुलनेला ४७ गावे, आणि नवजात मृत्यूंच्या दरात ६२ टक्के घट. त्या प्रयोगातील औषधांची चर्चा खूप होते. मला त्यातली मोजणी अधिक मोलाची वाटते. गावातीलच प्रशिक्षित बाई बाळाला वजनकाट्यावर ठेवत होती, श्वास मोजत होती, आणि घरोघरी फिरून प्रत्येक जन्म-मृत्यू टिपला जात होता. मृत्यू सापडला म्हणून तिथे कुणाकडे खुलासा मागितला जात नव्हता. सुईवालीबाईंचे वाचताना मला हेच आठवत होते.

मोलगीची_भगर

सर, पुढच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी आमच्याकडे पाठवणार असाल तर मी पाड्यावर राहण्याची सोय करीन. सिकलसेलच्या कार्डांवर गावाचे नाव असते, पाड्याचे नसते. एका गावाचे आठ-दहा पाडे एकमेकांपासून तास-दीड तासाच्या चढाईवर असतात. त्यामुळे रस्त्यालगतचा एक पाडा तपासून झाला की कागदावर सगळे गाव तपासून होते.

छेदगणित

हे मला माहीतच नव्हते. आम्ही आमच्या तक्त्यात दोन रकाने वाढवतो: पाड्याचे नाव, आणि तिथून केंद्रापर्यंत पावसाळ्यात लागणारा वेळ, किलोमीटरमध्ये नव्हे तर तासांत. 'निरंक'ऐवजी 'घडले नाही' आणि 'कळले नाही' असे दोन पर्यायही ठेवतो. ती कल्पना ताईंची आहे. त्या विद्यार्थ्याला मी शेवटी दहापैकी सात गुण दिले आणि आपला धागा वाचायला सांगितले. जानेवारीत सुट्टी आहे, तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा धरू का?

सुईवालीबाई

जानेवारीत येऊ नका. म्हातारी माणसे आणि कोंबड्या सोडून तुम्हाला कुणी भेटणार नाही. होळीच्या सुमारास या. मात्र होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात किंवा काठी गावच्या होळीच्या रात्री कुणाला प्रश्न विचारायला जाऊ नका, तुमच्या हातातला कागद घेऊन तुम्हालाच नाचायला लावतील. होळी झाल्यावर दोन दिवस सोडा, आणि मग चार-पाच दिवसांत सगळे उरका, कारण त्यानंतर काही जण पुन्हा गाडीत बसतात. सकाळी सातच्या आत पाड्यावर पोचायचे. आणि बाईला आधी तिच्या बाळाबद्दल विचारा, गेलेल्या बाळाबद्दल दुसऱ्या दिवशी.